इतर हक्क

‘यंदा उतारा नाही,’ असं औशाकडचा शेतकरी म्हणाला तर तो सोयाबीनबद्दल बोलतोय; एकरी किती पडलं, तो उतारा. मांजराकाठचा ऊसवाला हेच म्हणाला तर साखरेचा टक्का घसरलाय. तलाठ्याच्या दारात हेच ऐकू आलं तर सर्व्हर बंद आहे, सातबाऱ्याचा उतारा निघत नाही. आणि पोर तापानं फणफणलं की म्हातारी भाकरतुकडा ओवाळून तीन वाटांवर ठेवून येते, तोही उताराच. ही चारही माणसं एका घरातली असू शकतात. त्यांचा आपसात घोटाळा होत नाही, कारण बोलताना समोर माणूस असतो. कागदासमोर बसलं की पंचाईत सुरू होते.

संपादकांनी यंदा ‘शब्द आणि व्यवहार’ असा विषय दिला. कोश उघडून बसलो असतो तर लेख लवकर झाला असता. त्याऐवजी लातूरचा आडत बाजार, नांदेडची कचेरी, बँकांचे ओटे आणि कंधार-मुखेडकडची बालाघाटातली गावं अशी फिरती केली. सगळीकडे घोळवून-घोळवून एकच गोष्ट विचारली: या शब्दाचे पैसे कुणाला मिळतात?

पट्टी

लातूर बाजारामुळेच वाढलं. गंजगोलाईच्या गोल इमारतीभोवती सोळा रस्ते फुटतात आणि जुन्या काळी रस्त्यागणिक धंदा ठरलेला असे. धान्याचा व्यापार आता मार्केट यार्डात. तूर आणि हरभऱ्याचं नाव मोठं, पण दिवाळीच्या तोंडावर पाहावं तिकडे सोयाबीन.

एका आडतीसमोर पाचसहा ढीग ओतलेले होते. खरेदीदारांचा घोळका आला. पुढच्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठ वर काढून तळहातावर पसरली, एक दाणा नखानं टोकरला, एक दाताखाली धरला. डागी किती, काडी किती, ओल किती. आकडा पुकारला गेला. आडत्यानं शेतकऱ्याकडे पाहिलं. शेतकऱ्यानं मान हलवली की नाही ते मला दिसलंच नाही. घोळका पुढच्या ढिगावर गेला होता.

‘आडत’ म्हणजे दलाली. आडत म्हणजे ते दुकानही. आणि ‘आमची तीन पिढ्यांची आडत’ म्हणताना दुकान, दलाली, ओळखीपाळखी, येणी-देणी सगळंच त्यात येतं. करार कायद्याच्या भाषेत आडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी. शेतकऱ्याचा माल, शेतकऱ्याच्या वतीनं, जास्तीत जास्त भावाला विकायचा, हे त्याचं काम. पण पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसे त्यानंच दिलेले असतात, दवाखान्याला आणि लग्नालाही त्यानंच. त्याला ‘उचल’ म्हणतात. तेव्हा कायद्यात जो प्रतिनिधी, तो वहीत धनको. आपल्याच धनकोला आपला वकील नेमल्यासारखं हे आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बिनतक्रार चालतं. बँकेत चार खेटे घालण्यापेक्षा आडतीवर चहा पिऊन पैसे मिळतात, हे शेतकऱ्यालाही कळतं.

या वहीत ‘जमा’ आणि ‘नावे’ अशा दोन बाजू. जमीन ‘नावावर’ असली तर माणूस मालक. रक्कम ‘नावे’ असली तर तो देणेकरी. शब्द इतके जवळचे, अर्थ उलटे.

सौदा झाला, वजन झालं की आडत्या ‘पट्टी’ करतो. वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, उचल वजा, खाली उरलेली रक्कम. घरपट्टी, पाणीपट्टी, गावच्या सप्ताहाची पट्टी, या सगळ्या आपण द्यायच्या असतात. आडतीवरची पट्टी तेवढी आपल्याला मिळायची. रेणापूरकडचे एक आजोबा घडी घातलेली पट्टी बंडीच्या खिशात ठेवत म्हणाले, “पट्टी देयाचीच असती बापू, हितली बी.” त्यांच्या पट्टीत उचल वजा जाऊन फार काही उरलं नव्हतं.

यार्डात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द मात्र ‘हमीभाव’. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, तुरीचा ८,०००. या शब्दातली ‘हमी’ ऐकून बाहेरच्या माणसाला वाटेल की याखाली खरेदी होऊच शकत नाही. तसं नाही. केंद्र सरकार भाव जाहीर करतं आणि स्वतः थोडी खरेदी करतं. खुल्या बाजारात हा भाव मिळालाच पाहिजे असा शेतकऱ्याला हक्क देणारा केंद्राचा कायदा नाही. शिवाय तो भाव ‘एफएक्यू’ मालाचा, म्हणजे सरासरी चांगल्या दर्जाच्या मालाचा. सोयाबीनला त्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. तेल काढणारे प्लांटवाले तर ‘दहा-दोन-दोन’चं माप लावतात: ओलावा दहा, काडीकचरा दोन, खराब दाणा दोन. काढणीत पाऊस झाला की यातलं एकही जुळत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, की हमीभावापेक्षा कमी भावानं घेणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५० हजार दंड. व्यापाऱ्यांनी हात आखडला, राज्यभरच्या यार्डांत सौदे थांबले. त्यांचा सवाल साधा होता: भाव एफएक्यूचा, मग नॉन-एफएक्यू मालाचं काय करायचं, आणि माल एफएक्यू आहे की नाही हे ठरवायचं कुणी? त्या सवालाचं पक्कं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही आणि शिक्षेची तरतूदही अमलात आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचं मतदान चार-पाच दिवसांवर आलेलं असताना, केंद्रानं सरकारी खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. दाणा तोच होता. आदल्या दिवशी नापास, दुसऱ्या दिवशी पास.

उलट उसाचा शब्द ऐकायला किती गुळमुळीत: ‘रास्त आणि किफायतशीर दर’. त्यात हमी नाही, आधार नाही. पण तो १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात बसलेला आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये हे पैसे दोन हप्त्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली, ती मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केली. कारखान्याच्या पहिल्या हप्त्यालाही इकडे ‘पहिली उचल’च म्हणतात. आडत्याची उचल दुसऱ्याच्या पैशातली, ही उचल स्वतःच्याच पैशातली. शब्द एक असल्यानं असेल, पण कारखान्याचे पैसे उशिरा आले तरी माणसं ते उपकारासारखे घेतात.

बाँडवर

नांदेडला नोंदणी कार्यालयाबाहेर टपऱ्यांची ओळ आहे. संगणक, प्रिंटर, शाईचा पॅड, बाकडं. मराठवाड्यात स्टँप पेपरला ‘बाँड’ म्हणतात आणि तो विकणारा-लिहिणारा तो बाँड रायटर. बाँडवर वाटणी होते, बाँडवर प्लॉट विकला जातो, बाँडवर नवराबायको मोकळे होतात, बाँडवर दारू सोडली जाते. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा कागद लागतो, पण बोलण्यात अजून ‘शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं’ असंच येतं.

कागदावर राजमुद्रा असते, अंगठा असतो, दोन साक्षीदार असतात. गावात याहून पक्कं काय असणार? कायद्याच्या लेखी त्या कागदावरून एवढंच कळतं, की सरकारचं मुद्रांक शुल्क भरलं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात आहे. शहराच्या कडेला ‘नोटरीवर’ घेतलेले एक-दीड गुंठ्याचे प्लॉट असेच उभे आहेत. घर आहे, मीटर आहे, नळ आहे, घरपट्टीची पावती आहे. खरेदी नाही.

‘खरेदी’ हाही इथला खास शब्द. बाजारात खरेदी म्हणजे विकत घेणं. जमिनीच्या व्यवहारात खरेदी म्हणजे नोंदलेलं खत. ‘खरेदी झाली का?’ म्हणजे सह्या झाल्या का. विकणारासुद्धा ‘मी त्याला खरेदी करून दिली’ असं म्हणतो. त्याच्या अलीकडे ‘इसार’: काही रक्कम हातात, बाकी मुदतीत. इसारपावती झाली की गावाच्या दृष्टीनं जमीन गेली. घेणारा धुऱ्यावर जाऊन उभा राहतो. कायदा म्हणतो, इसारानं जमिनीत कसलाही हक्क येत नाही, फक्त करार पुरा करा असं म्हणण्याचा हक्क येतो. या दोन समजुतींच्या मध्ये नांदेड-लातूरच्या दिवाणी न्यायालयांतले कितीतरी दावे पडून आहेत.

आणि मग ‘नाममात्र खरेदी’. नड आहे, पैसे हवेत, सावकार म्हणतो जमीन लिहून दे, पैसे फिटले की परत लिहून देतो. लिहून द्यायचं ते गहाणखत नसतं, सरळ खरेदीखत असतं. परत देण्याचा शब्द तोंडी. शर्तीची विक्री ही गहाण मानायची असेल तर ती शर्त त्याच दस्तात लिहिलेली हवी, अशी सुधारणा कायद्यात १९२९ मध्ये झाली. म्हणजे जवळपास शंभर वर्षं कायदा सांगतोय, की तोंडचा शब्द चालणार नाही; आणि तितकीच वर्षं गरजू माणूस तोंडच्या शब्दावर सही करतोय, कारण शर्त लिहायची म्हटली तर सावकार उठून जातो. २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ नं जिल्हा उपनिबंधकाला अशा खरेदीच्या मागे जाऊन पाहण्याचा आणि ती सावकारीतली निघाली तर जमीन परत देववण्याचा अधिकार दिला. त्यासाठी तो माणूस सावकारी करतो हे दाखवावं लागतं. खतावर तर त्याचं वर्णन ‘धंदा शेती’ असं असतं.

एका बाँड रायटरनं मला सातबारा समोर ठेवून समजावलं. डावीकडे भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा. बाजूला एक रकाना: ‘इतर हक्क’. “साहेब, यात आपले हक्क नसतात बरं का,” ते म्हणाले. “आपल्यावर दुसऱ्याचे असतात.” बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, न्यायालयाची मनाई, सगळं तिथं. खरेदीदार आधी हाच रकाना वाचतो. पहिल्यांदा उतारा हातात घेणारा मात्र आपलं नाव पाहतो, खूश होतो आणि घडी घालतो.

तेवढ्यात एकजण खत करून बाहेर आले, चार एकर देऊन. रायटरनं त्यांना बसायला सांगितलं, “या मालक, बसा.” इकडे आदरानं सगळ्यांनाच मालक म्हणतात.

यानंतर ‘फेर ओढायचा’, म्हणजे फेरफार नोंदवायचा. फेर ओढला नाही म्हणून घाबरलेली माणसं रोज येतात आणि फेर ओढला म्हणून निश्चिंत झालेलीही. दोघांनाही सांगावं लागतं, की फेरानं मालकी येतही नाही आणि जातही नाही. तो महसूल कुणाकडून घ्यायचा याचा हिशेब आहे. फेर ओढणाऱ्या तलाठ्याचं नाव २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. ते नाव मी अजून एकाही शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

कूळ लागेल

सोयरिकीत विचारतात ते कूळ. सावकाराच्या वहीत असतं ते कूळ: ‘चांगलं कूळ आहे’ म्हणजे वेळेवर व्याज देणारा. आणि दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आलेला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन इथं लागू नाही. इथं हैदराबादचा १९५० चा कायदा. त्यात ‘संरक्षित कूळ’ असा वर्ग केला आणि पुढे कलम ३८-ई आणून त्या कुळाला मालक होण्याची वाट काढून दिली. जुन्या गावांत अजूनही ‘अडतीस ई’ हे कलम नाव घ्यावं तसं बोललं जातं.

कायद्यानं ज्याला मालक करायचं होतं, त्या कुळाची जमीनवाल्यांनी धास्ती घेतली. ‘कूळ लागेल’ हे वाक्य रोग लागावा तसं उच्चारलं जातं. म्हणून आज जमीन कसायला देणारा लिहून काही देत नाही. बटईनं देतो, नाहीतर वर्षाच्या ठरीव रकमेवर, ठोक्यानं. सगळं तोंडी. बटईवाला नांगरतो, पेरतो, फवारतो, पण सातबाऱ्यावर कुठेच नाही. पीककर्ज त्याला मिळत नाही. पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तो करून द्यायला मालक तयार नसतो. पाण्यानं पीक वाहून गेलं की पंचनामा मालकाच्या नावे, अनुदान मालकाच्या खात्यात. काही मालक ते निम्मं देतात. सगळे देत नाहीत. या माणसाला आपल्या भाषेत शब्द आहे, कायद्यातही शब्द आहे. त्या दोन्ही शब्दांची भीती वाटते म्हणून त्याला कागदावर जागा नाही.

मराठवाड्यात जमिनीचा माग काढायचा तर १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत जावं लागतं. त्यामागे उर्दू आणि मोडी. हे कागद अलीकडे वेगळ्याच कारणानं गाजले. न्या. संदीप शिंदे समिती सप्टेंबर २०२३ पासून निजामकाळच्या नोंदी धुंडाळू लागली ती ‘कुणबी’ या शब्दासाठी. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला. जुन्या कारकुनानं तो शब्द लिहिला तेव्हा त्याला जात म्हणायचं होतं की कसणारा, यावर आता दाखले, आरक्षण आणि न्यायालयातली भांडणं अवलंबून आहेत. त्या वादात इथं शिरत नाही. एवढंच नोंदवतो, की अभिलेख कक्षातल्या ज्या बस्त्यांना वाळवीशिवाय कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यापाशी आता रांगा लागतात.

नवं-जुनं

मार्च महिन्यात सोसायट्यांत आणि बँकांत ‘नवं-जुनं’ चालतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर केंद्राच्या आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्य टक्के. वेळेवर म्हणजे ठरल्या तारखेला मुद्दल पूर्ण भरायचं. हातात तेवढी रक्कम कुणाच्याच नसते. मग आडत्याकडून, सोनाराकडून, किंवा याच कामासाठी बँकेभोवती घुटमळणाऱ्या एखाद्याकडून चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, खात्यात भरायचे, कर्ज ‘निल’ करायचं, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून त्याचे त्याला परत. लाखाला किती घेतात ते ओळखीवर. बँकेच्या पुस्तकात एक कर्ज फिटलं, दुसरं दिलं गेलं. शेतकऱ्याच्या डोक्यावर होतं तेच आहे. शून्य टक्क्याचं कर्ज चालू ठेवायला त्यानं मधल्या चार दिवसांचं जबर व्याज भरलं, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

आता कर्जमाफी येते तेव्हा बघा. महात्मा जोतीराव फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं कर्ज माफ झालं. उसनवारी करून नवं-जुनं करणारा ‘थकबाकीदार’ नव्हता, ‘नियमित’ होता. त्याला पन्नास हजारांपर्यंत ‘प्रोत्साहन’ ठरलं, आणि ते यायला वर्षं लागली. अहमदपूरकडचा एक तरुण शेतकरी म्हणाला, “आमच्या वडिलांनी इज्जतीसाठी नवं-जुनं केलं. शेजाऱ्यानं नाही केलं. शेजाऱ्याचं दोन लाख गेलं.” बँकेच्या दृष्टीनं त्याचे वडील चांगले, योजनेच्या दृष्टीनं गैरलागू.

त्याआधीच्या २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा ‘कुटुंबाला’ होती, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं. बापलेक एका चुलीवर जेवत होते, ते कागदावर दोन कुटुंबं झाले. नवराबायको वेगळे राहत होते, त्यांचं एक धरलं. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको; तो अर्थ निदान सुटसुटीत होता.

आणि घोषणा कायम तीच: सातबारा कोरा करा. म्हणणाऱ्याला फक्त ‘इतर हक्क’ कोरा हवा असतो.

सदृश

लातूरकरांना २०१६ चा एप्रिल विसरता येत नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. शहरात हंड्यांवरून मारामाऱ्या होतील म्हणून पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या दिवशीही सरकारी कागदावर मराठवाड्यात दुष्काळ नव्हता. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ होती. उच्च न्यायालयात जनहित याचिकांवर सुनावणी चालू होती. मे महिन्यात सरकारनं आदेश काढला, की २९ हजारांहून अधिक गावांबाबत जिथं-जिथं ‘दुष्काळसदृश’ लिहिलंय तिथं ‘दुष्काळ’ असं वाचावं. पाऊस तोवर महिन्यावर आला होता.

तेव्हापर्यंत दुष्काळ ठरायचा तो ‘आणेवारी’वर. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. नाणं बदललं तेव्हा तिची ‘पैसेवारी’ झाली, तरी लोक आणेवारीच म्हणतात. पन्नास पैशांखाली आली तर शेतसाऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नजरअंदाज म्हणजे नजरेनं केलेला अंदाज; पण ज्या गावाचं ५२ पैशांवर अडलं त्यांना त्याचा दुसराच अर्थ लागतो. भावकीतही आणेवारी असते, सामाईक सातबाऱ्यावर कुणाचा किती हिस्सा ती. ‘आमची आणेवारी कमी लावली’ असं कुणी म्हणालं, तर तो पावसाला शिव्या देतोय की थोरल्या भावाला, हे पुढच्या वाक्यातच कळतं.

२०१६ मध्ये केंद्राची दुष्काळ संहिता आली आणि निर्णय पर्जन्यमान, उपग्रहाची हिरवाई, मातीतला ओलावा अशा निर्देशांकांवर गेला. सरकारी भाषेत ‘ट्रिगर’ लागू होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुके दुष्काळी ठरले. २०२३ मध्ये आधी ४० तालुके जाहीर झाले, लातूर जिल्ह्यातला रेणापूर त्यात होता. मागोमाग १,०२१ महसूल मंडळांत, न्यायालयात पुसला गेलेला तोच शब्द परत आला: दुष्काळसदृश. मंडळांना सवलती मिळाल्या. चाळीस तालुक्यांना मिळालं तसं निविष्ठा अनुदान त्यांना नव्हतं. ‘सदृश’ची किंमत हेक्टरी मोजता येते.

पाऊस जास्त झाला तरी शब्द सुटत नाही. मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर ‘अतिवृष्टी’, ६३ पडला तर पाऊस. पंधरा दिवस रिपरिप लागून सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, तरी ती अतिवृष्टीत बसत नव्हती. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती मानली गेली आणि तिलाही व्याख्या आली: सलग पाच दिवस, दररोज किमान दहा मिलिमीटर. चौथ्या दिवशी ऊन पडलं तर सतत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्यानं हसनाळ आणि आसपासच्या गावांत रात्रीतून हाहाकार केला, माणसं गेली. लेंडी धरणाच्या ‘बुडीत’ क्षेत्रातली ही गावं अनेक वर्षं पुनर्वसनाच्या कागदात होती. सप्टेंबरात तर सगळा मराठवाडा पाण्याखाली गेला आणि मागणी उठली ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की संहितेत असा शब्दच नाही. पण दुष्काळात देतो त्या सवलती देऊ. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ओला दुष्काळ हा शब्द गावोगाव दोन पिढ्या बोलला जातोय. मला वाटतं, लोकांनी मुद्दाम तो पकडला. ‘पूर’ म्हटलं तर पंचनामा घरोघर होतो, कुणी सुटतो, कुणी राहतो. ‘दुष्काळ’ म्हटलं की मंडळच्या मंडळ, तालुकाच्या तालुका आत येतो. शब्दाचा दर माणसांना नेमका ठाऊक होता.

कोयता

दसरा झाला की मुखेड, कंधार, लोहा, इकडे जळकोट-अहमदपूर या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हा अंक हाती पडेपर्यंत बरीच घरं कुलूपबंद झालेली असतील. मुकादमाला विचारलं, टोळी केवढी? “दहा कोयते.” म्हणजे वीस माणसं. कोयता हे हत्यार. हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्याला मिळते आणि ती पुरुष घेतो. मोळी बांधणारी, डोक्यावरून गाडीत भरणारी बाई त्या एका शब्दात बसवलेली असते. एक दिवस कोयता चालला नाही तर ‘खाडा’. खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि त्या गैरहजेरीचा दंडही. बाई आजारी पडली तर दोघांचा खाडा लागतो, कारण अर्ध्या कोयत्यानं मोळी वाहता येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. तो कारखाने आणि कामगार संघटना यांच्यातला करार. उचलीचा कागद मात्र वेगळा असतो: वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात, बाँडवर, नोटरी करून. कारखाना त्यात पक्षकार नसतो. मुकादम आणि कोयता यांच्यात तर बहुधा कागदच नसतो, वही असते. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षीवर जाते, आणि त्या बाकीबरोबर माणूसही.

या उचलीचं कायद्यात काय करायचं? कोयता आला नाही तर मुकादम म्हणतो फसवणूक झाली. मुकादम टोळी घेऊन पोचला नाही तर वाहतूकदार त्याच्यावर तीच फिर्याद करतो. पण वेठबिगारी नष्ट करणारा १९७६ चा कायदा ‘आगाऊ रक्कम’ या शब्दाची व्याख्या करूनच सुरू होतो. त्या रकमेपोटी माणसाला दुसरीकडे काम करायची मोकळीक राहिली नाही, तर ते कर्ज वेठबिगारीचं. असं कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्यानं संपते आणि गुन्हेगार देणारा ठरतो. तीच वही एका कलमाखाली पुरावा, दुसऱ्याखाली कबुली.

नांदेडला असे खटले चालवणाऱ्या एका वकिलांना विचारलं, मुकादमाकडून नोटीस पाठवताना तुम्ही काय लिहिता? त्यांनी संगणकावरचा मजकूर वळवून दाखवला. उचल हा शब्द त्यात नव्हता. ‘कौटुंबिक अडचणीपोटी हातउसने घेतलेली रक्कम’ असं होतं. “उचल लिहिलं तर काय काम, किती दिवस, कुणाकडे, हे सगळं विचारतात,” ते म्हणाले. “हातउसने म्हटलं की घेतले का आणि दिले का, एवढंच राहतं.” मग कामगार तुमच्याकडे आला तर? “तेव्हा उचलच लिहितो,” असं म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकावरच्या पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.